कॅरेटवरचा बाण

शाळेची प्रार्थना संपली होती, मुलं रांगेनं वर्गात चालली होती आणि इंदापूरहून फोन आला. दत्ताचा शेजारी बोलत होता. "सर, दत्तासर गेलं. सकाळी अंघोळ करून बसलं व्हतं, तितंच..." मी चांगलाच खेकसलो त्याच्यावर. "काहीतरी काय बोलताय!" पन्नाशीही न गाठलेला, रोज पहाटे चालायला जाणारा माणूस असा जातो का? पाच आठवडे झाले, मला अजून ते खरं वाटत नाही.

दत्ता इंदापूरला अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचा, मी बारामतीच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान. माझा मूळ विषय जीवशास्त्र. गती आणि बलाचे धडे आले की माझी पाचावर धारण बसायची. म्हणून दर रविवारी तो मोटरसायकलवरून जळोचीला माझ्या घरी यायचा आणि आम्ही उदाहरणं सोडवायचो. उदाहरणातले आकडे तो अंगठ्यानं झाकून ठेवायचा. "आकडं पळून जात न्हायीत. आधी सांग, वस्तू कुठं चाललीय अन् तिला ढकलतंय कोण?" मी चुकलो की मनापासून हसायचा. मला राग यायचा, पण त्याच्याशिवाय माझं पान हलत नव्हतं.

शेवटच्या रविवारी मात्र बिनसलं. पिकअप गाडी सुरू होते, मागे टोमॅटोनं भरलेलं प्लॅस्टिकचं कॅरेट आहे, ते न घसरता गाडीबरोबर जातं. मग कॅरेटवरच्या घर्षणाचा बाण कुठे काढायचा? मी ठोकून दिलं, "मागे. घर्षण नेहमी उलटंच." वर्गातही मी तेच शिकवलं होतं. "मग कॅरेटाला पुढं कोण नेतं रं, तुझा आजा?" म्हणत तो खो खो हसला. माझे दोन विद्यार्थी तिथंच वह्या घेऊन बसलेले... मी भडकलो. "तुझं शहाणपण इंदापुरात ठेव!" त्याचं हसू थांबलं. चहा तसाच ठेवून तो निघून गेला.

तिसऱ्या दिवशी पिंपळीला भावाच्या शेतावर टोमॅटो भरत होते. पिकअपचा पत्रा चिखलानं बुळबुळीत झाला होता. गाडी हलली आणि एक कॅरेट जागीच राहिलं, गाडी त्याच्याखालून पुढे सरकली. पकडच नव्हती, तर त्याला पुढे नेणार कोण? म्हणजे एरवी पुढे नेतं ते घर्षणच. दत्ताचं बरोबर होतं. फोन खिशातच होता. केला नाही. म्हटलं, रविवारी येईलच की... तो आला नाही. मीही ताठ्यातच राहिलो. पुढच्या बुधवारी ती बातमी आली. मला स्वतःची लाज वाटते आणि इथं लिहून ती कमी होणार नाही.

परवा मी वर्गात फळ्यावर पिकअप काढली आणि बाण पुढे काढला. कऱ्हाटी गावाहून येणारी एक मुलगी उठली. "सर, तुमी तर बाण मागं सांगितला व्हता."

"चुकलं होतं माझं," मी म्हणालो.

बाहेर येऊन मी सवयीनं दत्ताला फोन लावला. रिंग वाजायला लागली तेव्हा भानावर आलो. तेवढ्यात पलीकडून "हॅलो, काका?" असं ऐकू आलं. त्याची अकरावीतली लेक. "बाळा, ते... कॅरेटवरचा बाण पुढेच असतो," एवढंच तोंडातून निघालं.

ती म्हणाली, "बाबा म्हणलं व्हतं, काकांचा फोन यील. म्हणून मी ह्यो नंबर बंद करू दिला न्हाय."