पोटातल्या जंतूंवरचा आळ

माझ्या पोटातले जंतू माझा खून करणार आहेत, हे मला एका मंगळवारी सकाळी ऑम्लेट खाताना समजलं.

मोबाईलवर एक डॉक्टर बोलत होते. मटण, अंडी पोटात गेली, की आतड्यातले जंतू त्यातून एक पदार्थ बनवतात, यकृत त्याचं आणखी एक रसायन करतं, आणि ते रक्तात फार वाढलेलं असलं तर हृदयविकाराचा धोका जास्त दिसतो म्हणे. मी घास हातात धरून बसलो. केवढं हे! मी बेलापूरला ऑफिसात फायली सरकवतोय, आणि त्याच वेळी माझ्या आत, पगार नाही, सुट्टी नाही, कोट्यवधी जीव रसायनांचा कारखाना चालवतायत! (आमच्या ऑफिसात कोणी एवढं काम केलं असतं तर त्याची लगेच बदली झाली असती.)

कौतुक वाटलं तशी भीतीही वाटली. माझे वडील, अप्पा, हृदयविकाराने गेले, ते नेमके माझ्या आत्ताच्या वयात. घरात मी हे कधी बोललो नाही, पण त्या वर्षी रोज मनात यायचं.

"आजपासून मटण बंद, अंडी बंद!" मी जाहीर केलं. "आणि त्या रसायनाची रक्ततपासणी करायची."

"आणि मेथीवर जगाल?" वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

"हृदयासाठी काहीही!"

पुढचे काही दिवस मी नेरूळच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी फेऱ्या मारणाऱ्यांना जंतूंबद्दल इतकं समजावलं, की मंडळी मला बघून उलट्या दिशेने फेऱ्या मारू लागली.

तपासणीच्या आदल्या दिवशी द्रोणागिरीजवळच्या गावाहून सासूबाई आल्या. हातात मोठा डबा.

"जावयबापू, तुमी मटन सोरला ना? बरा केला! म्हनून मी मुशी आनली. बंदरावरची ताजी हाय!"

मुशी म्हणजे छोटा शार्क. आता मटण ते मटण, पण मासळीला वैशालीच्या माहेरी कोणी मांसाहारात धरतच नाही, आणि इतक्या वर्षांत ती सवय मलाही लागलेली. शिवाय मासे हृदयाला चांगले, हे कोणीही सांगेल! लालभडक कालवण, तांदळाची भाकरी. मी तीनदा वाढून घेतलं.

सकाळी लॅबमधल्या मुलीने विचारलं, "काल नॉनव्हेज काही?"

"छे! शिवलोसुद्धा नाही!" मी छाती काढून सांगितलं.

रिपोर्ट आला. आकडा लाल अक्षरांत, मर्यादेच्या कितीतरी वर! अप्पांची ती शेवटची दुपार डोळ्यांसमोर आली. मी वैशालीला विम्याचे कागद कुठे आहेत ते सांगितलं, लॉकरची किल्ली दाखवली. तिने एकही टोमणा मारला नाही, तेव्हा तर मी जास्तच घाबरलो. सासूबाईंनी देवीला नवस बोलला, की जावई बरा झाला तर महिनाभर मासळी खाणार नाही. (मासळी सोडण्याचा नवस त्या घराण्यात कोणीही, कोणासाठीही केलेला नव्हता. माझी केस हाताबाहेर गेली होती!)

तिघंही हृदयरोगाच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी माझा ईसीजी काढला, छाती तपासली. सगळं ठीक. मग त्यांनी रिपोर्ट पाहिला.

"रक्त द्यायच्या आदल्या रात्री काय जेवलात?"

"साधंच, डॉक्टर. हलकं."

"मुशी!" सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "मीच रांदली. तीनदा मागून घेतली जावयांनी!"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"अहो, समुद्रातल्या माशांच्या अंगात हे रसायन तयारच असतं! मुशीत तर भरपूर. खाऱ्या पाण्यात तगायला तिला ते लागतं. तुमच्या जंतूंनी काहीच केलेलं नाही. दोन-तीन दिवसांत ते लघवीवाटे निघून जातं."

"म्हणजे मासे वाईट?" वैशालीने धसकून विचारलं.

"तसं नाही हो. हे गणित अजून आम्हालाही पूर्ण सुटलेलं नाही. आणि या एका आकड्यावर कोणाचं हृदय ठरत नसतं. आठवडाभर मासे बंद, मग परत तपासा."

मी थक्क झालो. समुद्रात त्या मुशीला जगवणारं रसायन एका जेवणात माझ्या रक्तात येऊन फिरत होतं! आणि मी ज्यांना खुनी म्हणत होतो, ते बिचारे मेथी पचवत बसले होते.

आठवड्याने तिघंही नवा रिपोर्ट घेऊन परत गेलो. आकडा अगदी मर्यादेत! मला डॉक्टरबाईंसमोर रडूच फुटलं, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

"तुमचे जंतू सज्जन आहेत," त्या म्हणाल्या. "भाज्या, डाळी देत जा त्यांना. चांगल्या भाडेकरूंना जपावं तसं जपा."

भाडेकरूंचा विषय निघताच सासूबाई खुलल्या. गावात त्यांच्या खोल्यांची अख्खी चाळ आहे.

"म्हंजे आतले भारोत्री चांगले हान," त्या विचार करून म्हणाल्या. "घरमालकच जरा…"

आणि थांबल्या. जावयाचा मान!

उरलेलं वाक्य वैशालीने पूर्ण केलं. ते पार्किंगपर्यंत पुरलं.