टर्बोवाला मुराळी

आमच्या मोटारीत काहीही बिघाड नव्हता, म्हणून मी ती दुरुस्त करायला घेतली.

गाडी पेट्रोलवरची, पण टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनात दाबून जादा हवा कोंबणारा पंखा. हवा जादा आली की पेट्रोलही त्या हिशेबात सोडावं लागतं, आणि हे प्रमाण गाडीतला एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. तो बिचारा तीन वर्षं बिनबोभाट ठरवत होता. पण मी पडलो बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीचा बॉयलर ऑपरेटर! हवा आणि इंधन हे माझं पोटापाण्याचं काम. धुरांड्यातून काळा धूर आला की इंधन जास्त, पांढरट आला की हवा जास्त, हे मी पार्किंगमधूनच वर बघून सांगतो (कुणी विचारलेलं नसतं, तरी सांगतो). आणि बॉयलरचा नियम असा की हवा गरजेपेक्षा थोडी जास्तच द्यायची. इंधन पुरतं जळतं, खर्च वाचतो, मॅनेजर खूश राहतो.

तेव्हा मी लेकीचा कॉलेजातला जुना लॅपटॉप काढला, एक केबल मागवली, चार व्हिडिओ बघितले आणि गाडीच्या कॉम्प्युटरला अक्कल शिकवायला बसलो.

"अहो, गाडी चालतीय ना?" सुनंदानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, ओट्यावरून विचारलं.

"चालतीय की."

"मग तिच्या पोटात हात कशाला घालताय? उद्या पोरीला आणायचंय. पंचमी झाल्यावर करा काय करायचं ते!"

"अगं, पंचमीसाठीच तर करतोय!"

हे खरं होतं. आमच्या स्नेहलचं लग्न उन्हाळ्यात झालं, पळसदेवला दिलेली. ही तिची पहिली पंचमी. पहिल्या पंचमीला लेकीला माहेरी आणायला मुराळी जातो. मुराळी बहुधा भाऊ असतो, पण स्नेहल एकुलती एक, म्हणून तो मान माझा. आणि तिचे सासरे, तात्या, यांनी लग्नात माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारून, टायरला पायानं टोचून म्हटलं होतं, "बरं हाय डबडं." दोन ट्रॅक्टर बाळगणारा माणूस! हे डबडं काय चीज आहे, ते मला त्यांना एकदा दाखवायचं होतं.

विहीणबाईंचा फोन सकाळीच आला. "इवाई, लौकर या. दिवस मावळायच्या आत सून घराबाहेर पडाया पायजे. तिन्हीसांजंला लक्ष्मी आमी उंबऱ्याबाहेर काढत न्हाय. उशीर झाला तर मग पंचमी हितंच!"

"विहीणबाई, टर्बो आहे! चहाच्या वेळेला दारात!" मी म्हणालो.

रात्रीच मी पेट्रोल कमी आणि हवा जास्त करून ठेवली होती. भिगवणच्या रस्त्याला गाडी अशी मऊ पळाली की माझी छाती फुगली. मायलेजचा आकडा चढत होता. मी स्वतःशीच हसत होतो. मग पुढं एक एसटी आली. मी ऐटीत इंडिकेटर दिला आणि पाय दाबला.

इंजिनातून खडखड आवाज यायला लागला, डब्यात खडे घालून हलवावेत तसा. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडीचा जीवच गेला. टर्बो इंजिनाला जोर लावताना पेट्रोल जरा जास्तच लागतं, कारण तेच आतली आग ताब्यात ठेवतं. म्हणजे बॉयलरच्या अगदी उलटं! व्हिडिओत हे शेवटी सांगितलं होतं म्हणे. पण मी कुठलाच व्हिडिओ शेवटपर्यंत बघत नाही. एसटी तर निघून गेलीच, तिच्या मागचा टेम्पो गेला, आणि शेवटी वैरणीचा भारा लादलेली एक मोपेडसुद्धा मला ओलांडून गेली. मोपेडवाल्यानं जाताना माझ्याकडं काळजीनं पाहिलं.

रांगत रांगत भिगवण गाठलं. हायवेच्या कडेच्या एका हॉटेलात टेबलावर लॅपटॉप उघडला. बाजूला कढईत मासे तळत होते आणि आमच्या घरी श्रावण कडक! तेवढ्यात सुनंदाचा फोन.

"कुठं आहात?"

"भिगवण."

"भिगवणला थांबलात? अहो, श्रावण आहे!"

"गाडी थांबलीय गं, मी नाही!"

"मग तो चर्र चर्र आवाज कसला येतोय?"

मी फोन ठेवून टाकला. हॉटेलवाला चहा घेऊन आला आणि लॅपटॉपमध्ये डोकावला. "काय सायेब, एवढं काय बिघाडलंय?"

"हवा जास्त झालीय."

"मग आत बसा की, हितं कशाला वाऱ्यात बसलाय!"

त्याला काय समजावणार? मी पेट्रोल वाढवलं. थोडंच वाढवलं असतं तर ही आठवण इथंच संपली असती. पण मनात आलं, कमी पडून एकदा फजिती झाली, आता हात आखडायचा नाही. लेकीचं माहेर आहे, होऊ दे सढळ हातानं!

गाडी उठली ती वाघासारखी. पण आरशात पाहिलं तर मागचा हायवे गायब! काळाकुट्ट धूर, पेट्रोलचा वास, आणि पायाचा दाब सोडला की सायलेन्सरमधून "धाड्!" न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरात जाऊन पेटत होतं. मी पळसदेवात शिरलो तेव्हा धरणाच्या पाण्यावरचे बगळे उठले, कुत्री मागं लागली आणि माणसं घराबाहेर आली.

"कुणाची वरात हाय रं? श्रावणात कसलं लगीन?" एक आजोबा विचारत होते.

विहीणबाई दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो माझ्यावरून ओवाळून टाकायचा, तर मी उतरताच गाडीनं आणखी एक "धाड्!" काढला. त्यांनी अर्धा तुकडा माझ्यावरून ओवाळला आणि अर्धा गाडीवरून.

तात्यांनी नाकाला उपरणं लावलं. "इवाई, ही डिझेलवर हाय व्हय?"

"नाही तात्या, पेट्रोल."

"मग काळं का वकतीय?"

एवढ्यावर शहाण्या माणसानं चहा पिऊन, लेक घेऊन निघावं. पण डबडं हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. "टर्बो आहे, तात्या! ताकद बघायचीय? थांबा!" असं म्हणून मी गाडी वळवून ठेवली आणि जागेवरच ॲक्सिलरेटर पार दाबून सोडला.

गाडीची शेपूट नेमकी कुठं आहे, हे मी पाहिलं नव्हतं. ती घराच्या पुढच्या भिंतीकडं होती. लग्नासाठी मोतिया रंग दिलेली भिंत! एक मोठा "धाड्!" झाला, धूर विरला आणि गुडघाभर उंचीवर परातीएवढा काळा डाग प्रकट झाला. गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. परत चावी फिरवली तर नुसती कण्हायला लागली. पेट्रोल पिऊन ठिणगी पाडणारे प्लग पार काळे झाले होते.

विहीणबाईंनी भिंतीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग सूर्याकडं.

स्नेहल नवी साडी नेसून, बॅग घेऊन कधीची उंबऱ्यात उभी होती. "पप्पा, काय केलंत तुम्ही?"

"अगं, हवा आणि पेट्रोलचं जे प्रमाण असतं ना..."

"पप्पा!" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बारामतीत सुनंदानं पुरणाची डाळ भिजत घातली होती, गल्लीतल्या पोरींनी झोका बांधून ठेवला होता. तात्यांकडं मोटार नाही, नुसते ट्रॅक्टर, जावईबापू नोकरीच्या गावी, आणि सूर्य पाण्याला टेकायला आलेला. मी मान खाली घालून म्हणालो, "विहीणबाई, चूक माझी आहे. तुमची रीत मोडा असं मी म्हणणार नाही."

विहीणबाई पदर खोचून म्हणाल्या, "माझी पहिली पंचमी सासरीच गेली. नदीला पाणी आलतं, भाऊ पल्याड उभा आन् मी अल्याड. दोघं बी रडलो. हिची न्हाय जायाची! अवो, ट्रॅक्टर काढा!"

"ट्रॅक्टरवर सून न्यायची?" तात्या दचकले.

"नव्या सुनंला मडगार्डवर बसवू व्हय? ती मोटारीत बसंल. मोटार मागं बांधा. आन् ह्यांच्या भरवशावर पोर सोडायची न्हाय, मी बी संगं येती."

सूर्य बुडायच्या आत आम्ही वेस ओलांडली. पुढं ट्रॅक्टरवर तात्या, मधे जाडजूड दोर, मागं स्टेअरिंगला लोंबकळत मी (इंजिन बंद, त्यामुळं ते फिरता फिरेना!), आणि माझ्या मागं सासू-सून खिडक्या उघड्या टाकून, शेंगदाण्याचा लाडू खात.

"आता कशी ग्वाड चाललीय!" विहीणबाई म्हणाल्या. "धूर न्हाय, वास न्हाय. आदीच असं का केलं न्हाय, इवाई?"

"आणि पेट्रोलसुद्धा लागत नाही, आई," स्नेहल म्हणाली. मघाशी रडणारी ती पोर आता पोट धरून हसत होती, आणि ते हसू ऐकून मला इतकं बरं वाटलं की मायलेजचंही दुःख राहिलं नाही.

भिगवणला तोच हॉटेलवाला दारात उभा होता. त्यानं दोराकडं पाहिलं आणि मला लांबूनच नमस्कार केला.

गल्लीत शिरलो तेव्हा सगळ्या बायका ओट्यावर जमल्या होत्या. सुनंदा भाकरतुकडा घेऊन पुढं आली. तिनं ट्रॅक्टर पाहिला, तात्या पाहिले, मोटारीतून उतरणाऱ्या विहीणबाई पाहिल्या आणि मग लेकीला मिठीत घेतलं. विहीणबाई पंचमी होईपर्यंत राहिल्या आणि झोक्यावर सगळ्यांत उंच त्याच गेल्या.

त्या पंचमीला बापाबरोबर माहेरी आलेल्या लेकी बारामतीत पुष्कळ होत्या. पण बापाला दोरानं बांधून माहेरी ओढून आणणारी आमचीच एक!