लैलाच्या लग्नाचा वली

नवरा गेल्यावर चौथ्या दिवशी दीर जाफर घरी आला, तो भावाचा रेडिओ न्यायला. "आता तुम्हां बायकांना बातम्या कशाला हव्यात, भाबी?" असं म्हणत त्याने वायर गुंडाळली आणि जिना उतरला. त्यानंतर फखरुन्निसाने जाफरचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याचं कुवेतच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. ती शहराच्या कडेला हवल्लीत दोन खोल्यांत राहून हिंदी मुलांच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. भावाची पोर जेवली का, शिकली का, हे त्याने कधी विचारलं नाही, आणि फखरुन्निसाचंही त्याच्यावाचून अडलं नाही. रत्नागिरीहून मुंबईला जाऊन बी.ए. झालेली बाई ती. शाळा सुटल्यावर शिकवण्या करून तिने लेकीला, लैलाला, नर्स केलं.

अशा माणसाच्या दारात तिला नेऊन उभं केलं ते लग्नाच्या कचेरीने.

चौसष्ट सालचा उन्हाळा होता. लैलाचं यूनुसशी ठरलं होतं. यूनुस अहमदीला तेल कंपनीत कारकून, जयगडच्या बाजूचा, कमी बोलणारा. कचेरीचा कागद हातात आल्याशिवाय कुवेतात दोघांना एका छपराखाली राहता येत नव्हतं. फखरुन्निसाने आपल्या भावाला, नझीरला, मुंबईहून बोटीने बोलावून घेतलं. तिच्या गावात निकाहाच्या वेळी मामाच वकील होऊन आत यायचा, मुलीला कबूल आहे का विचारायचा, सगळं तोच निभावायचा. तिच्या स्वतःच्या लग्नातही मामूच पुढे होता. इथेही तसंच असणार, असं ती धरून चालली.

कचेरीतला म्हातारा कारकून तरुणपणी जहाजावरून मुंबईला जाऊन आलेला. मोडकंतोडकं हिंदुस्तानी बोलायचा. त्याने नझीरकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ये कौन?"

"लडकीका मामा."

"मामा नहीं चलेगा. बाप का भाई है? वो वली, लडकी वोही देगा. उसको लाओ."

"मैं माँ हूँ," फखरुन्निसा म्हणाली. "मैंने पाला है."

"अच्छा किया," कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

दुकानात जाफरने तिला स्टुलावर बसवून ठेवलं आणि तीन गिऱ्हाइकं सावकाश उरकली. मग तिच्याकडे वळला. पोट सुटलं होतं, दाढीला मेंदी लावली होती.

"आज कशी काय वाट चुकलात, भाबी?"

तिने सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मध्येच दातांत काडी घालून काहीतरी काढलं आणि ते बोटावर घेऊन निरखलं.

"मुलाचा बाप काय करतो?"

"होडी आहे त्यांची."

"म्हणजे दालदी. मासेमारे." तो हसला. "आपल्या खानदानात?"

फखरुन्निसाच्या मनात आलं, रेडिओ उचलणाऱ्याचं खानदान! पण तिने नुसती कचेरीची तारीख सांगितली. कागद हवा होता.

"येईन की," तो एकदम गोड होऊन म्हणाला. "भावाची पोर ती. मी नाही तर कोण?"

त्याचा तो गोडपणा तिला अंगावर पाल पडल्यासारखा वाटला.

ठरल्या दिवशी तो अत्तर लावून आला. काझींच्या खोलीत मायलेकी भिंतीकडेच्या बाकावर बसल्या. नझीर आणि यूनुस मागे उभे. काझींनी काहीतरी विचारलं. जाफर अरबीत बोलू लागला. बराच वेळ बोलला. यूनुसकडे बोट दाखवलं, मग फखरुन्निसाकडे, आणि मान हलवली. तिला अरबी येत नव्हती. तिने कावरीबावरी होऊन विचारलं, "काय चाललंय?"

"कागदाचंच, भाबी. तुम्ही बसा."

तेवढ्यात लैला ताडकन उठली आणि अरबीत बोलू लागली. दवाखान्यात रोज कुवेती बायकांची बाळंतपणं करत होती ती. चाचाला हे माहीत असायचं कारणच नव्हतं. पुतणी काय करते, हे त्याने कधी विचारलं होतं?

"अम्मी, चाचा सांगतायत की यूनुस नीच घरचा, आपल्या बरोबरीचा नाही, म्हणून मी मुलगी देणार नाही. आणि म्हणाले, आई शिकून बिघडलेली आहे, तिचं ऐकू नका."

नझीर पुढे सरसावला. "हरामखोर, एवढ्यासाठी आलास होय रे?"

"मामू, थांबा."

काझींनी लेखणी खाली ठेवली. जाफरकडे बघत हळूहळू काही वाक्यं बोलले. दाराशी उभा असलेला म्हातारा कारकून खो खो हसला आणि फखरुन्निसाला म्हणाला, "काझी बोलता है, मेरा बाप समुंदर में मोती के वास्ते गोता मारता था. तुम्हारा दामाद का बाप मच्छी निकालता है. इसमें नीच कौन? और बोलता है, चाचा नहीं देगा तो काझी खुद वली बनेगा."

मग जाफर सरळ मराठीत आला.

"मी नाही कुठे म्हणालो? नुसती चौकशी केली. आपलीच पोर आहे." आणि त्याने यूनुसपुढे हात केला.

त्या घामेजल्या हाताकडे फखरुन्निसाला बघवेना. ती कारकुनाला म्हणाली, "काझीसाहबको बोलो, वोही दें. इनके हातसे नको."

नझीर तिच्या कानाशी लागला. "आपा, काझीने दिली तर गावात म्हणतील, पोरीला घरचं माणूस मिळालं नाही. जन्मभर बोलतील गो."

"बोलू देत."

"अम्मी," लैला म्हणाली, "कुणीही देऊ दे. मला यूनुस हवाय आणि आज हवाय. चाचाला देऊ दे, म्हणजे उद्या उलटायची सोय उरणार नाही."

पोरगी आपल्यापेक्षा शहाणी झाली, असं फखरुन्निसाला वाटलं, आणि त्या शहाणपणाचीही तिला थोडी शिसारी आली. अशा माणसांत वाढली म्हणून तिला असलं शहाणपण शिकावं लागलं. तिने मान खाली घातली. जाफरने यूनुसचा हात हातात घेतला, काझींच्या मागून शब्द म्हटले, यूनुसने कबूल म्हटलं. शिक्के बसले.

बाहेर उन्हात जाफरने यूनुसला मिठी मारली. "वलीम्याच्या जेवणाला बाजारातल्या चार लोकांना घेऊन येतो हं, जावईबापू. आणि अब्बांना लिही, बोटीने सुके बोंबील पाठवा म्हणावं. तुमच्याकडचे चांगले असतात."

"हो चाचा," यूनुस म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मग जाफरने लैलाच्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा मोठ्याने आशीर्वाद दिला आणि दुकानाच्या वाटेला लागला. तो वलीम्याला येणार, पहिल्या पंगतीला बसणार आणि भावाच्या पोरीचं मीच केलं, असं गावी लिहिणार, याबद्दल फखरुन्निसाला तिळमात्र शंका नव्हती.

टॅक्सीत ती लैलाचे केस पदराने पुसत राहिली.

"काय करतेस, अम्मी?"

"काही नाही. घाम आलाय तुला," ती म्हणाली आणि पुसत राहिली.