शेवटच्या वाफ्याचा नंबर

या, असे जवळ सरका. दर वेळी दारातूनच "बरं आहे ना" विचारून निघून जाता, ही काय पद्धत झाली? चुलीवर ठेवलेला चहा मग मी एकटीनं प्यायचा का? बसा आता. आज तुम्हाला आमच्या दाजींबद्दल सांगते. गेलेल्या माणसांना कामाला लावणारा असा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि नांदेडकडे असला तर अजून माझ्या कानावर आलेला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. आम्ही दोघी बहिणी कंधारच्या. दोघींना दिलं शिरूर अनंतपाळजवळच्या या एकाच गावात, एकाच गल्लीत. दाजींनी सगळी नोकरी एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात काढली. माणूस निवृत्त झाला, पण तो आवाज काही निवृत्त झाला नाही. ताट वाढलं की सुरू, "भाकरी फलाटावर लागलेली आहे. आमटी उशिरानं धावत आहे." पाहुणा उठला की त्याच्या गावापर्यंतचे सगळे थांबे म्हणून दाखवायचे, आणि ते ऐकता ऐकता बिचाऱ्याची गाडी निघून जायची. अक्का म्हणायची, "डोक्यावर अक्षता पडायल्या तवाबी हे घड्याळच बघत होते."

अक्काचं जन्माचं गाऱ्हाणं एकच होतं. विहीर भावकीत सामाईक, आणि तिचं शेत पाटाच्या पार टोकाला. पाणी तिच्यापर्यंत पोचायच्या आत वरचं कोणीतरी मध्येच दारं, म्हणजे पाटाची मातीची आड, फोडून आपल्या रानात वळवायचं. तिनं किती वेळा भांडून बघितलं, पण शेवटचा वाफा कोरडा तो कोरडाच. "त्याला पाणी आलेलं मी आता मेल्यावरच बघीन," असं ती हसत म्हणायची. मग ती गेली. आमच्यात माती देतात, जाळत नाहीत. तिची समाधी त्याच वाफ्याच्या कडेला आहे.

तिच्या मागं दाजींच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. पाण्याच्या नंबरांचा, म्हणजे कोणाची पाळी कधी याचा, असा करार करायचा की तो पुन्हा कोणाच्या बापाला बदलता येणार नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी शोधून काढलं की त्याला ब्लॉकचेन म्हणतात, आणि करार माणसानं नाही, प्रोग्रॅमनं पाळायचा असतो. मग लातूरहून एक जुना कॉम्प्युटर आणला, एसटीत मांडीवर धरून. त्याचं वेगळं तिकीट फाडा म्हणून कंडक्टरशी भांडले. घरी आल्यावर त्याला विभूतीची तीन बोटं ओढली आणि अक्काचं हिरवं पातळ पांघरलं, धूळ बसू नये म्हणून.

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. एक सॉफ्टवेअर बसवावं तर ते म्हणायचं, आधी दुसरं बसवा. दुसरं बसवावं तर ते म्हणायचं, मला नवं चालत नाही, जुनंच पाहिजे. सगळा पडदा लाल अक्षरांनी भरून जायचा. दाजी चष्मा वर सारून म्हणायचे, "शांता, हे सॉफ्टवेअर आन् आपली भावकी सारखीच बघ. एकाला पंगतीला बसवलं की दुसरं उठून जातंय."

पण बसवलं त्यांनी सगळं. आता खरा करार चढवायच्या आधी सराव करावा लागतो म्हणे. त्यासाठी कॉम्प्युटरच्या पोटातच एक खोटं गाव उभं राहतं, आणि त्यात बिननावाची माणसं आयती मिळतात. त्यांच्यावर करार चालवून बघायचा. त्यांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा दाजींनी भावकीतल्या गेलेल्या माणसांची नावं दिली. मी कपाळाला हात लावला. तर म्हणाले, "जित्याचं नाव टाकलं तर उद्या दारात येऊन भांडतील, मशीनमधी माझा नंबर आधी होता म्हणून. गेलेली माणसं तक्रार करत न्हाईत."

एक माणूस उरलं, त्याला त्यांनी अक्काचं नाव दिलं.

तेव्हापासून त्या घरात जायला मला कसंसंच व्हायचं. दिवस चांगला वर आलेला असायचा, अंगणात मिरच्या वाळत असायच्या, आणि आतून स्टँडवरचा तो आवाज यायचा, "गुरुलिंग तात्या, आपला नंबर लागलेला आहे, कृपया दारं धरावं. बसप्पा, आपली वेळ संपलेली आहे." मी हसायची. पण एकदा मी उंबऱ्यात बसलेली असताना त्यांनी अक्काचं नाव पुकारलं, तर दारात झोपलेलं तिचं म्हातारं कुत्रं उठलं, शेपूट हलवत वाटेपर्यंत गेलं आणि कोणाच्या तरी मागं मागं चालावं तसं शेताकडं निघून गेलं. वाटेवर कोणीच नव्हतं. दाजी पडद्याकडंच बघत होते.

कॉम्प्युटर ते कधीच बंद करत नसत. लाइट गेली तर इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरला आणखी एक बॅटरी. का, तर म्हणे बंद केला की ते खोटं गाव पुसून जातं.

हरभरा घाट्यात आला होता तेव्हाची गोष्ट. ऐन दुपार, वारा पडलेला, रानात माणूस नाही. अशा वेळी आमच्याकडं बाया विहिरीकडं फिरकत नाहीत. आणि विहिरीवरची मोटार आपोआप सुरू झाली. दाजींचा पुतण्या शिवमूर्ती काठी घेऊन पळत आला. "कोण धरायलंय पाणी? नंबर माझा हाय!" त्याच्या मागं मीही गेले. विहिरीवर कोणी नाही. पाटाचं पाणी शिवमूर्तीच्या रानाला टाकून पुढं चाललं होतं. आम्ही त्याच्या बाजूनं चालत राहिलो. एक दारं बंद, दुसरं बंद, तिसरं बंद. शेवटच्या वाफ्याचं तेवढं उघडं. ओली ढेकळं नीट बाजूला लावलेली, अक्का लावायची तशी. पाणी समाधीच्या कट्ट्याला लागून हळूहळू फिरत होतं, आणि ते कुत्रं तिथं बसलेलं होतं.

शिवमूर्तीनं काठी बांधावर ठेवली आणि पायातल्या चपला काढल्या.

मोटारीचा उलगडा झाला. विहिरीवर लांबूनच मोटार चालू करायचा डबा आहे, त्यात सिमकार्ड आहे. तो डबा चालतो का बघायला दाजींनी सरावाच्या करारालाच जोडला होता आणि काढायला विसरले होते. आत अक्काचा नंबर लागला, बाहेर मोटार चालली. पण दारं कोणी फोडलं? दाजी घरातच होते, पाय कोरडे ठणठणीत. मी त्यांच्या पायांकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं.

संध्याकाळी भावकी अंगणात जमली. "काका, ते मशीन बंद करा. बायका रानात जाईनात," शिवमूर्ती म्हणाला.

"बंद केलं तर ती जाईल रे," दाजी म्हणाले. एवढंच. त्या आवाजात स्टँडचा आवाज नव्हता. मग ते आत गेले, पातळाची घडी करून मांडीवर घेतली आणि स्वतःच बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर थांबल्यावर घर केवढं मोठं वाटलं मला!

सकाळी मी भाकरी घेऊन गेले, तर त्यांनी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला होता. "ये शांता, बघ. सगळी परत आली." तेच लांबलचक खातेनंबर, तीच माणसं, ओळीनं उभी. झालेलं काही आठवत नसल्यासारखी, कोणाला पाणी मिळालंच नसल्यासारखी. अक्काही. दाजी हसत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "हिला परत पहिल्यापासून थांबावं लागणार," ते म्हणाले.

पुढं खरा करार चढवायचा दिवस आला. नावं आता जित्यांची. दाजींनी अक्काचं नाव काढायला हात पुढं केला, तर शिवमूर्तीच म्हणाला, "राहू द्या काका. काकूचा एक नंबर ठेवा. येळवसच्या दुपारचा." भीतीनं म्हणाला की लाजेनं, ते तोच जाणे. पण कोणी नाही म्हटलं नाही. आता तो कोणालाच बदलता येत नाही.

येळवसला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, आम्ही सगळे पूजेला आणि जेवायला रानात असतो. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. दुपार झाली की मोटार आपोआप सुरू होते, आणि सगळे घास हातात धरून बांधाकडं बघतात. दाजी बांधावर उभे राहून अक्काला पुकारतात. शेवटच्या वाफ्याचं दारं शिवमूर्ती आधीच फोडून ठेवतो, आम्हाला ते दुसऱ्यांदा आपोआप उघडलेलं बघायचं नाही.

पण यंदा दाजींचा आवाज बसलाय. औषधं झाली, काढे झाले, आवाज काही उठत नाही. परवा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मोटार लागंल गं. आपण कोणी नसलो तरी लागंल. पण तिला हाक कोण मारणार?" माझा आवाज अंगणाच्या बाहेर जात नाही.

तुमचा आवाज खणखणीत आहे, म्हणून बसवून घेतलं. येळवसला या. दुपारच्या आत या, चहा-आंबील सगळं आहे. काही अवघड नाही, दाजी शिकवतील. नुसतं बांधावर उभं राहून म्हणायचं, की अक्का, तुमचा नंबर लागलेला आहे.