वस्तूचा आवाज ऐकणाऱ्या रझियाआपा

आदरणीय रझियाआपांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. जालन्यात आम्ही जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचे संकेतस्थळ नुकतेच सुरू केले होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या आपा फ्रिजच्या शोधात होत्या. तीन जाहिरातींवर फोन केला, तिघांनीही वस्तू न दाखवताच आगाऊ रक्कम मागितली. आपा थेट आमच्या कार्यालयाचा जिना चढून आल्या. "तुमच्याकडं फ्रिज कमी अन् चोर जास्त हायेत," त्या म्हणाल्या. मी वैतागून म्हणालो, "मग तुम्हीच तपासा!" दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जेवणाचा डबा घेऊन हजर झाल्या.

त्यांची तपासण्याची रीत आम्हा संगणकवाल्यांना हसू आणणारी होती. जाहिरात आली की त्या विकणाऱ्याला फोन लावत आणि वस्तूचा आवाज ऐकवायला सांगत. शिलाई मशीन असेल तर चालवा, पंप असेल तर सुरू करा. फोटो कुठूनही चोरता येतो. पण ज्याच्याजवळ मशीनच नाही, तो चालवणार काय? आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसलेल्या त्या कानांना समोरचा माणूस चाचरला की लगेच कळे. आमच्याकडच्या निम्म्या लबाडांनी या आवाजापायीच काढता पाय घेतला.

तरीही फालतू जाहिरातींचा पूर थांबेना. मी एक नियम बसवला: एकाच नंबरवरून दिवसात तीनपेक्षा जास्त जाहिराती आल्या की सगळ्या आपोआप बाद. मी स्वतःवर भलताच खूश होतो. आपांनी मात्र दुपारच्या जेवणानंतर बाद झालेल्यांनाही फोन लावायला सुरुवात केली. "आपा, कचऱ्याला काय फोन करता?" असे मी म्हटले. त्या शांतपणे म्हणाल्या, "बेटा, एक्सचेंजमधी गलत नंबर लागला तर माफी मागून बराबर जोडून देत व्हतो आम्ही. तू तर लाइनच कापून राह्यला."

अशाच एका दुपारी फोन लागला तो वडीगोद्रीच्या एका मोबाइल दुकानदाराला. "सहा जाहिराती सहा घरच्या हायेत," तो म्हणाला. "त्यांला टाइप करता येत न्हाई, म्हणून माझ्याच फोनवरून टाकल्या." त्यातली एक सुनंदाताईंची होती. रस्त्याकडेला चहाचे हॉटेल चालवणाऱ्या सुनंदाताईंना त्यांच्या मुलीसाठी, दीपालीसाठी, बॅटरीवर चालणारी तीनचाकी हवी होती. दीपालीला चालता येत नाही आणि अंबडचे कॉलेज सोमवारी सुरू होणार होते. आपांनी त्यांना फोन लावला.

"आता गरज न्हाई, आपा. दुसऱ्या साइटवर भेटली गाडी. साहेब फौजी हायेत, बदली झाली म्हणून विकून राह्यले. मी पैसे पाठवायलाच निघाले."

"बिलकुल पाठवू नका! आधी त्याला हॉर्न वाजवून ऐकवाय सांगा."

दहा मिनिटांनी सुनंदाताईंचा फोन आला. त्या रडत होत्या. हॉर्नचे नाव काढताच फौजीसाहेबांनी शिव्या देऊन फोन बंद केला होता. दोन वर्षे गल्ल्यातून बाजूला काढलेले पैसे आणि पोरीचे कॉलेज, दोन्ही एकदमच जाणार होते.

आपांनी सुनंदाताईंची बाद झालेली जाहिरात त्याच दिवशी लावून घेतली. घनसावंगीच्या एका निवृत्त शिक्षकांकडे तशी गाडी निघाली. हॉर्न आपांनी स्वतः ऐकला, दीपालीलाही ऐकवला. सोमवारी दीपाली कॉलेजात होती.

पुढच्या आठवड्यात आपा मला घेऊन एसटीने वडीगोद्रीला गेल्या. सुनंदाताई पाया पडायला वाकल्या, तर आपांनीच हात जोडले. "तुमची जाहिरात मीच कचऱ्यात टाकली व्हती. माफ करा." मी शेजारी बसून मुकाट्याने चहा पीत होतो. परतताना आपा माझ्याशी नातवंडांविषयी बोलत राहिल्या. त्या विषयाचा एक शब्दही त्यांनी काढला नाही.

सुनंदाताई, तो नियम माझा होता. त्या दिवशी तोंड उघडण्याची हिंमत झाली नाही, म्हणून आज आपांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात लिहितो आहे.

आपांना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो, त्यांचे कान असेच तिखट राहोत. आणि माझ्या चुकीची माफी मागायला त्यांना पुन्हा कधी एसटी धरावी लागू नये.