सोनीची आई मराठीत विचारत होती

हे मी अजून कुणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळ नाही, काकूंजवळ तर नाहीच.

तंजावूरच्या कुपोषित मुलांच्या केंद्रात मी मदतनीस आहे. पाचवीत शाळा सुटली माझी, पण हे काम मला पक्कं येतं. दूध किती कोमट हवं, थकलेल्या लेकराच्या ओठांना वाटी कशी लावायची — नव्या नर्सही मलाच विचारतात. काम मिळवून दिलं काकूंनी. पिढ्यान् पिढ्या इथं राहिलेल्या मराठी घरातल्या त्या. नवरा सोनं गाळायच्या कामाला इथं आला, तेव्हा ‘आमचीच माणसं’ म्हणून त्यांनी जवळ केलं. ते उपकार फिटायचे नाहीत. पण त्यांना मी सांगितलंय, माझ्या वडिलांची बागायत आहे. कुठली बागायत? आईबाप पालात राहून दुसऱ्याचा ऊस तोडायचे.

आणि सोनीची आई आली. ओरत्तनाडूकडं रस्त्याच्या कामावर, पालात राहणारी. कडेवर दीड वर्षाची सोनी — नुसती हाडं. बाईनं तोंड उघडलं आणि माझ्या आईचीच बोली, तोच हेल!

“एवढंसंच दूध? लेकराला उपाशी मारता व्हय?”

उत्तर मला ठाऊक होतं. इतक्या उपाशी जिवाला एकदम पोटभर झेपत नाही, जिवावर बेततं. म्हणून आधी थोडं थोडं, दर दोन तासांनी. सिस्टरनं मला विचारलं, “अक्का, ही तुमचीच भाषा ना?”

मी म्हणाले — नाही. वेगळीच कुठली तरी आहे.

का? ती माझं गाव विचारेल, आईबाप विचारेल, काकूंच्या कानावर जाईल — एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच.

सिस्टर हातवारे करत राहिली. सोनी भुकेनं किरकिरत राहिली. एकदा पाजता पाजता माझ्या तोंडून निघून गेलं — “आ कर गं, माझी बाय.” बाईनं झटकन मान वर केली. मी वाटीत बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सोनीला पदरात गुंडाळलं. सगळ्यांनी अडवलं — तमिळमध्ये. मी तोंड उघडलं नाही. दारात माझ्याजवळ थांबून ती हळूच म्हणाली, “तुला कळत हुतं की गं.”

सिस्टर शोधायला गेली तोवर पालं उठली होती. सोनीचं पुढं काय झालं, मला माहीत नाही.

आता मराठी बोलणारी कुणी आली की मीच पुढं होते, सगळं नीट समजावते. सोनीला त्याचा काय उपयोग?

मला कळत होतं. शब्दन् शब्द.