बाजा आणि पाचव्या

उमा टिपणीस हट्टी आहे, हे अंबरनाथच्या तिच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या हट्टाचा कुणाला काही उपयोग होईल असं मात्र १९५५ सालापर्यंत कुणाला वाटलं नव्हतं.

त्या साली मुंबईहून डॉक्टर भेंडे आले. तान्ही मुलं किती जगतात, किती दगावतात, याचं संशोधन त्यांनी हाती घेतलं होतं. त्यासाठी दोन ठिकाणं निवडली होती: निर्वासितांचा कॅम्प पाच आणि बदलापूरजवळचं शिरगाव. कॅम्पात एक सिंधी मास्तरीण नेमली. शिरगावासाठी मॅट्रिक झालेली आणि उन्हात पायपीट करायला न कुरकुरणारी बाई हवी होती. उमा म्हणाली, "मी करते." यजमान हसले, "सरकारची जनगणना कमी पडली वाटतं!"  दुसऱ्या दिवशी ती फॉर्मांचा गठ्ठा घेऊन निघाली.

दोनशे चौदा घरं. प्रत्येक दारात तोच प्रश्न: मुलं किती झाली, पहिल्या महिन्यातच किती गेली? चार महिन्यांत काम उरकलं आणि डॉक्टरांनी तक्ता मांडला. कॅम्पात शंभरातली दहा मुलं महिन्याच्या आत जात होती. शिरगावात फक्त तीन! डॉक्टर खूश झाले. "मोकळी हवा, दुसरं काय!" म्हणाले. पण त्या तक्त्यावर आणखी एक गोष्ट अवलंबून होती. जिल्ह्याकडून खेड्यांसाठी एक शिकलेली नर्स मिळणार होती, आणि ती जास्त मुलं दगावणाऱ्या खेड्यालाच मिळणार होती. तीन आकडा पाहून शिरगावचं नाव आपोआप मागे पडलं. उमाला वाईट वाटलं, पण आकडाच तसा, त्याला कोण काय करणार?

पुढच्या आठवड्यात एका फॉर्मावर अंगठा राहिला होता म्हणून ती वेणूकडे गेली. वेणू पंचविशीतली; मागच्या वेळी उमानं तिला पाहिलं तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. आता ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी विझवून सुईण सगुणाबाई राख भरत होती. मूल तिसऱ्या दिवशी गेलं होतं.

 उमानं हलकेच वेणूच्या सासूला विचारलं, "मग आता तीन झाली, एक गेलं, असं लिहू ना?"

"नाय गो बाय, दोनच," सासू म्हणाली. "याची पाचवी कुठं पुजली?"

"म्हणजे?"

सगुणाबाईनं वर पाहिलं. "पाचव्या राती सटवाईनं कपाळावर लिवल्याबिगर पोर आपलं कसं व्हायचं? पाचवीच्या आधी गेलं त्याला कोन मोजतं?"

उमानं हातातल्या फॉर्माकडे पाहिलं. अगं बाई गं! म्हणजे एकही बाई खोटं बोलली नव्हती. प्रत्येकीनं मनापासून खरं सांगितलं होतं, आणि फॉर्म तेवढे खोटे झाले होते. पाचवी तर तिच्याही घरात पुजत होते. मग हे आपल्याला कसं सुचलं नाही? स्वतःचा तिला असा राग आला की घरी पोचेपर्यंत ती स्वतःलाच शिव्या देत होती.

तिनं हे सांगितलं तेव्हा डॉक्टर मात्र वैतागले. "टिपणीसबाई, परिषदेत निबंध वीस दिवसांनी वाचायचाय. पुन्हा दोनशे चौदा घरं? आणि गेलेल्या मुलांचं पुन्हा पुन्हा विचारलं तर बायका दार तरी उघडतील का?"

"गेलेल्या मुलांचं विचारणारच नाही," उमा म्हणाली. "दोनच गोष्टी विचारीन. बाज किती वेळा टाकली आणि पाचवी किती वेळा पुजली."

"बायकांच्या गप्पांवर शास्त्र चालत नाही हो."

"गप्पा नाहीत डॉक्टर, वजाबाकी आहे."

 डॉक्टरांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला.

मग काय, बाईनं कंबर कसली. दिवसाला अकरा घरं. टाचा फुटल्या, घसा बसला, घरी दोन्ही वेळा नुसत्या खिचडीवर भागलं आणि यजमानांची थट्टाही बंद झाली. बायकांना प्रश्न सोपा वाटला. बाज किती वेळा? "सात." पाचव्या? "पाच." बोटांवर मोजत सांगायच्या आणि मधेच एखादी थांबायची. कुणी पदर डोळ्यांना लावायची, कुणी उगाच चूल फुंकायला जायची. उमा थांबायची. घाई असूनही थांबायची. विसाव्या दिवशी बेरीज झाली: त्रेचाळीस मुलं कुठल्याच कागदावर नव्हती. शंभरातल्या तिनाचे नऊ झाले.

डॉक्टरांनी तक्ता बदलला. निबंधाखाली बारीक अक्षरांत "स्थानिक मदतनीस" एवढंच छापून आलं. उमा त्यावर चिडली, नाही असं नाही. पण पावसाळ्यानंतर शिरगावला नर्स मंजूर झाली, तेव्हा ती बातमी द्यायला स्वतः धावत सगुणाबाईकडे गेली.

"येऊ दे, बरं झालं," सगुणाबाई म्हणाली. "माझ्या डोल्यांना आता दिसत नाय." मग सुपातले तांदूळ निवडता निवडता तिनं सहज विचारलं, "साऱ्या गावाला इचारलंस. तुझी बाज किती येळा गो?"

उमा गडबडली. "दोनदा."

"आन पाचवी?"

"एक."

सगुणाबाईचे हात थांबले. "लिवलंस का?"

"नाही मावशी. माझं घर अंबरनाथला. या संशोधनात ते येत नाही."

"कागदात नसंल येत," म्हातारी म्हणाली. "मी मोजलं. काय होतं गो, पोरगा का पोरगी?"

आठ वर्षांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

"मुलगा," उमा म्हणाली, आणि सगुणाबाईच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली.